जर्मॅनिक भाषांची सार्वजनिक विद्यापीठातील पदवी: एक परीक्षण

जर्मॅनिक भाषांचा, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी, स्वीडिश यांच्या कुळातल्या भाषांचा, पदवी अभ्यासक्रम उत्तम आहे. त्याची जाहिरात मात्र चुकीची केली जाते. माहितीपुस्तिकेत दोन परकीय भाषांवर प्रभुत्व, युरोपीय संस्कृतीची ओळख आणि आंतरराष्ट्रीय करिअर अशी आश्वासने ठळक अक्षरांत दिलेली असतात, आणि ऐतिहासिक व्याकरण, तुलनात्मक भाषाविज्ञान, जुन्या संहितांचे वाचन हे विषय शेवटच्या पानावरच्या तक्त्यात बारीक टायपात दडलेले असतात. अनुभव नेमका उलटा येतो. प्रभुत्वाचे आश्वासन अर्धेमुर्धेच पुरे होते, आणि ज्या विषयांचा गाजावाजा करायला विद्यापीठ कचरते, तेच विषय ही पदवी घेण्याचे खरे कारण ठरतात. युरोपीय धर्तीच्या एका सार्वजनिक विद्यापीठातून मी ही पदवी घेतली. विद्यापीठाचे नाव सांगून फारसे काही साधणार नाही, कारण गुणदोष एका विद्यापीठाचे कमी आणि अभ्यासक्रमाच्या एकूण घडणीचे जास्त आहेत.

आधी ही घडण पाहू. पदव्यांची रचना एकसारखी करण्यासाठी युरोपीय देशांनी १९९९ मध्ये काढलेल्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपातील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांनी पहिली पदवी तीन वर्षांची आणि १८० क्रेडिटांची केली. काही देशांत ती चार वर्षांची आणि २४० क्रेडिटांची आहे. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरले जाते, म्हणजे वर्षाच्या ६० क्रेडिटांसाठी १५०० ते १८०० तास. हा हिशेब प्रवेशाच्या वेळी कोणी नीट समजावून सांगत नाही. नऊ क्रेडिटांच्या एका विषयामागे २२५ ते २७० तास धरलेले असतात आणि वर्गातल्या तासिका त्यातला थोडाच भाग व्यापतात. उरलेला सगळा वेळ विद्यार्थ्याने ग्रंथालयात किंवा आपल्या टेबलापाशी बसून भरून काढायचा असतो. जिथे शिक्षक रोज भेटतात, गृहपाठ तपासतात आणि न आलेल्याची चौकशी करतात, अशा शिक्षणसंस्थांची सवय असलेल्यांना ही मोकळीक पहिल्या सत्रात सुखाची वाटते आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत जड जाते. या १८० क्रेडिटांत एक मुख्य जर्मॅनिक भाषा, बहुधा जर्मन, दुसरी एक जर्मॅनिक भाषा, दोन्हींचे साहित्य, सामान्य भाषाविज्ञान, जर्मॅनिक भाषाकुलाचा इतिहास, काही ऐच्छिक विषय आणि शेवटी एक लघुप्रबंध, असा साधारण ऐवज असतो.

भाषाशिक्षणाबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. मुख्य भाषा शून्यापासून शिकवू, असे विद्यापीठ सांगते आणि शिकवतेही, पण वेग असा असतो की ज्याने आधी एखाद्या वर्गात जाऊन बी-वनपर्यंत मजल मारलेली आहे, त्यालाच तो झेपतो. युरोपीय भाषा-आराखड्याच्या ए-वन ते सी-टू या सहा पायऱ्यांपैकी पदवीच्या शेवटी मुख्य भाषेत सी-वन आणि दुसऱ्या भाषेत बी-वन किंवा बी-टू गाठावी, अशी अपेक्षा असते. कागदावर हे अशक्य नाही. परंतु वर्ग मोठा असतो, बोलण्याची पाळी क्वचित येते, आणि परीक्षा लेखी असल्यामुळे शिक्षकाचे सगळे लक्ष विभक्ती, विशेषणांचे प्रत्यय आणि गौण वाक्यांची रचना यांवर एकवटते. परिणाम असा, की तिसऱ्या सत्रातल्या विद्यार्थ्याला कर्मणी प्रयोगाची सगळी रूपे बिनचूक लिहिता येतात आणि टेलिफोनवर भेटीची वेळ ठरवताना मात्र घाम फुटतो. ज्यांना केवळ बोलता-लिहिता येईल इतकी जर्मन हवी आहे, त्यांनी चांगल्या भाषासंस्थेत जावे. तिथे ते काम कमी वेळात आणि अधिक नीटपणे होते.

मराठी मातृभाषा असणाऱ्याला इथे काही गोष्टी आयत्या मिळतात, त्यांचा उल्लेख करायला हवा. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत, त्यामुळे टेबलाला पुरुष का मानायचे, असला प्रश्न आपल्याला पडत नाही. 'तो, ती, ते' अशी त्रयी लहानपणापासून अंगवळणी पडलेली असते आणि निर्जीव वस्तूंना लिंग असण्यात काही चमत्कारिक आहे, असेही वाटत नाही. लिंगे पाठ मात्र करावीच लागतात, कारण दोन्ही भाषांची वाटणी एकमेकींशी जुळत नाही. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हा नियम इतर विद्यार्थ्यांना छळतो. आपल्याला मुख्य वाक्यात ते दुसऱ्या जागी आणण्याचाच काय तो सराव करावा लागतो. उलट उच्चारांत आपली पंचाईत होते. ओठांचा चंबू करून उच्चारायचे पुढचे स्वर मराठीत नाहीत, आणि मराठी 'ए' नेहमी लांबच असल्यामुळे 'बेटन' या शब्दातला 'ए' लांबवला तर प्रार्थना करणे आणि तोडला तर अंथरुणे, हा फरक कानाला कळेपर्यंत बराच काळ जातो. ध्वनिविज्ञानाच्या तासिका या दृष्टीने फार उपयोगी आहेत. त्या बुडवू नयेत.

दुसरी भाषा कोणती घ्यावी, हा निर्णय विद्यार्थी सर्वांत कमी विचार करून घेतात, आणि पदवीचे निम्मे सुखदुःख त्यावर ठरते. बहुतेकांचा कल डचकडे असतो. अडीच कोटींच्या आसपास लोकांची ही भाषा नेदरलँड्स आणि बेल्जियमबरोबरच सूरिनाममध्येही अधिकृत आहे, आणि ज्याला जर्मन व इंग्रजी येते त्याला पहिल्याच आठवड्यात डच वर्तमानपत्राचे मथळे लागू लागतात. हीच तिची अडचणही आहे. डच जर्मनच्या इतकी जवळ आहे की वर्षभर दोन्ही भाषा एकमेकींत मिसळत राहतात. जर्मन निबंधात डच शब्दयोगी अव्यये आणि डच संभाषणात जर्मन शब्दक्रम डोकावतो. दुसऱ्या बाजूला स्कँडिनेव्हियन भाषा आहेत. स्वीडिश घेतल्यास जर्मनपासून पुरेसे अंतर राहते, क्रियापदाला पुरुष-वचनाचे विकार नसल्यामुळे व्याकरण लवकर आटोक्यात येते, आणि निश्चित उपपद नामाच्या शेवटाला चिकटते हा उत्तर जर्मॅनिक शाखेचा विशेष रोजच्या वापरातून कळतो. शिवाय स्वीडिश नीट आली की नॉर्वेजियन आणि डॅनिश मजकूर थोड्या प्रयत्नाने वाचता येतो, म्हणजे एका भाषेच्या फीमध्ये तीन भाषांचे वाचन पदरात पडते. नॉर्वेजियन घेणाऱ्याला बोकमोल आणि नीनॉर्स्क अशा दोन प्रमाण लेखनपद्धतींशी सामना करावा लागतो. डॅनिश लिहिलेली सोपी आणि ऐकलेली दुर्बोध. तिच्या आकड्यांनी भलेभले हैराण होतात, कारण तिथे पन्नास म्हणजे अडीच विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा आणि नव्वद म्हणजे साडेचार विसा. (त्यातला 'अडीच' शब्दशः 'अर्धा तिसरा' असा आहे, आणि आपला 'अडीच'ही 'अर्धतृतीय' या संस्कृत शब्दावरूनच आला आहे, त्यामुळे वर्गात त्या दिवशी मला एकटीलाच काही विशेष वाटले नाही.) आइसलँडिक शिकवणारी विद्यापीठे थोडी आहेत. चार लाखांच्या आत भाषिक असलेली ही भाषा नोकरीच्या दृष्टीने निरुपयोगी मानली जाते, पण तिने चार विभक्ती, तीन लिंगे आणि जुनी रूपसंपदा इतकी टिकवून ठेवली आहे की तेराव्या शतकातले गद्य आजचा आइसलँडिक वाचक थोड्याशा मदतीने वाचू शकतो. इतिहासाकडे ओढा असेल तर तिच्यासारखा दुसरा पर्याय नाही.

जिची मुख्य भाषा जर्मन आहे, तिने दुसरी भाषा स्वीडिश किंवा आइसलँडिक घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डच पुढे कधीही स्वतःच्या बळावर शिकता येते.

आता या पदवीच्या गाभ्याकडे, म्हणजे जर्मॅनिक भाषाकुलाच्या इतिहासाकडे येऊ. बहुतेक ठिकाणी हा विषय तिसऱ्या किंवा चौथ्या सत्रात अनिवार्य असतो. विद्यार्थ्यांमध्ये त्याची ख्याती 'नापास करणारा पेपर' अशी आहे. अनेकजण तो शेवटच्या सत्रापर्यंत ढकलत नेतात, आणि ते नुकसान त्यांच्या लक्षातही येत नाही. कारण हा विषय आधी झाला असता, तर मुख्य भाषेतले अर्धे अपवाद त्यांना पाठ करावेच लागले नसते.

संस्कृतशी परिचय असलेल्या मराठी वाचकाला तर हा विषय घरचाच वाटावा. डॅनिश पंडित रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवून दिले की जर्मॅनिक भाषांतली व्यंजने संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांतल्या व्यंजनांपासून विशिष्ट नियमाने सरकलेली आहेत: मूळ 'प'चा 'फ', मूळ 'त'चा 'थ्री' या शब्दातल्यासारखा घर्षक (हवा घासून निघणारा ध्वनी), मूळ 'द'चा 'त'. 'पाद' आणि इंग्रजी 'फूट', 'त्रि' आणि 'थ्री', 'दश' आणि 'टेन' या जोड्या त्यामुळे एका रांगेत उभ्या राहतात. पुढे साधारण सहाव्या ते आठव्या शतकांत दक्षिणेकडच्या जर्मन बोलींमध्ये व्यंजने पुन्हा एकदा सरकली, आणि म्हणून इंग्रजी 'टेन', डच 'टीन' यांच्या शेजारी जर्मनमध्ये 'त्सेन' आढळते. हा दुसरा बदल उत्तरेकडे पोहोचला नाही. 'करणे' या अर्थी 'माखेन' म्हणणारे आणि 'माकेन' म्हणणारे यांना वेगळे करणारी रेषा ड्युसेलडॉर्फमधल्या बेनराट या भागाजवळ ऱ्हाइन नदी ओलांडते आणि त्या जागेवरूनच ओळखली जाते. नकाशावर ही रेषा पाहिली की डच आणि प्रमाण जर्मन यांच्यातले नाते एका दृष्टिक्षेपात कळते, आणि शब्दांच्या शेकडो जोड्या आपोआप उलगडू लागतात.

या नियमाला अपवाद होते, आणि त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ अभ्यासकांना सतावले. संस्कृतात 'पिता' आणि 'भ्राता' या दोन्ही शब्दांत 'त' आहे. मग जर्मनमध्ये एकाचा 'फाटर' आणि दुसऱ्याचा 'ब्रूडर' कसा झाला? एकाच व्यंजनाची दोन रूपे का? कार्ल वेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याचे उत्तर दिले, आणि ते उत्तर त्याला सापडले वैदिक स्वरांकनात. 'भ्राता' शब्दात उदात्त, म्हणजे चढा, स्वर पहिल्या अक्षरावर आहे, 'पिता' शब्दात तो दुसऱ्या अक्षरावर आहे. उदात्त आधीच्या अक्षरावर असेल तर घर्षक अघोष (कंठातल्या कंपनाविना) राहिला, नसेल तर तो घोष (कंपनासह) झाला. म्हणून गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मॅनिक भाषेत 'ब्रोथर' पण 'फदर', आणि पुढे जर्मनमध्ये एकाचा 'ड' तर दुसऱ्याचा 'ट'. 'माता' शब्दाचा उदात्तही शेवटच्या अक्षरावर आहे, आणि म्हणूनच जर्मन 'मुटर'मध्येही 'ट' आहे. इंग्रजीतले 'वॉज' आणि 'वेअर', जे आपण शाळेत काहीही कारण न विचारता पाठ केले, त्यातला 'स' आणि 'र' यांचा खेळ याच नियमाचा अवशेष आहे. स्वतः जर्मॅनिक भाषांमधून तो स्वराघात केव्हाच नाहीसा झाला होता; त्याची नोंद शिल्लक होती ती वेदपाठकांच्या परंपरेत आणि पाणिनीच्या सूत्रांत. ज्या वर्गात हे शिकवले जाते, तिथे संस्कृत जाणणारा विद्यार्थी सहसा एखादाच असतो, आणि 'पिता' शब्दावरचा स्वर फळ्यावर कुठे मांडायचा हे त्याला विचारले जाते. शाळेत शंभर गुणांसाठी घेतलेले संस्कृत इतक्या थेटपणे इतरत्र कुठे कामाला आल्याचे मला आठवत नाही.

हा विषय शिकवण्याच्या दोन पद्धती आहेत आणि प्रवेशाआधी त्यांची चौकशी अवश्य करावी. एका पद्धतीत सत्रभर स्लाइड दाखवल्या जातात, तक्ते दिले जातात आणि परीक्षेत ते तक्ते परत मागितले जातात. ही पद्धत विषयाचा जीव घेते. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या तासिकेपासून मूळ संहिता हातात दिली जाते. चौथ्या शतकात वुल्फिला या धर्मगुरूने बायबलचा गॉथिक अनुवाद करण्यासाठी स्वतंत्र लिपी घडवली. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत सहाव्या शतकाच्या आरंभीची, जांभळ्या रंगात बुडवलेल्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली, आज उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मूळच्या ३३६ पानांपैकी १८८ उरली आहेत, आणि त्यांतले एक पान १९७० मध्ये जर्मनीतल्या श्पायर इथे सापडले. या प्रतीच्या छायाचित्रांवरून चार ओळी अक्षर लावत वाचणे आणि छापील पुस्तकातला गॉथिक तक्ता पाठ करणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

मला लाभलेल्या प्राध्यापक दुसऱ्या पद्धतीच्या होत्या. त्यांच्या सेमिनारमध्ये मेर्सेबुर्गच्या दोन मंत्रांपैकी दुसऱ्यावर अनेक तासिका खर्ची पडल्या. हे मंत्र जुन्या हाय जर्मनमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या जर्मन बोलींच्या जुन्या रूपात आहेत. १८४१ मध्ये मेर्सेबुर्गच्या कॅथेड्रल ग्रंथालयातील एका हस्तलिखितात ते सापडले आणि पुढच्याच वर्षी ग्रिम यांनी ते प्रसिद्ध केले. मुरगळलेला घोड्याचा पाय बरा करण्यासाठीचा हा मंत्र हाडाला हाड, रक्ताला रक्त, सांध्याला सांधा जुळो, असे सांगतो. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक शब्द वाटून दिलेला असे. तो नाम आहे की क्रियापद, विभक्ती कोणती, मूळ जर्मॅनिक रूप काय असावे, आजच्या जर्मनमध्ये त्याचे काय झाले, हे उभे राहून सांगायचे. 'रक्ताला' या अर्थाच्या रूपातला शेवटचा स्वर चतुर्थीचा की आणखी कशाचा, यावर एकदा तासिकेचा मोठा भाग गेला, आणि तो वाया गेला असे कुणालाही वाटले नाही. शेवटी प्राध्यापिकांनी अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातले बारावे सूक्त वाचायला दिले. तिथे रोहिणी वनस्पतीला उद्देशून मज्जेला मज्जा, चामडीला चामडी जुळो, अशीच मागणी आहे. हे साम्य एकोणिसाव्या शतकातच अभ्यासकांच्या ध्यानात आले होते. ते समान वारशामुळे की मोडलेले हाड सांधण्याचे शब्द कुठेही असेच सुचतात म्हणून, यावर मतभेद आहेत, आणि प्राध्यापिकांनी दोन्ही बाजू मांडून निर्णय आमच्यावर सोडला. शिक्षण म्हणून याहून मोठी अपेक्षा मी पदवीकडून करणार नाही.

दुर्दैवाने याच विषयाला सर्वप्रथम कात्री लागते. जुन्या भाषांचे सेमिनार कमी करून त्यांच्या जागी 'आंतरसांस्कृतिक संवाद' किंवा 'व्यावसायिक लेखन' आणण्याची ओढ अनेक विभागांत दिसते. ते विषय टाकाऊ आहेत असे नाही. पण ते कुठेही शिकता येतात. गॉथिक मात्र विद्यापीठाबाहेर शिकवणारे कुणी नाही.

साहित्याच्या पेपरांबद्दल थोडक्यात सांगता येईल. मध्ययुगीन वीरकाव्यापासून विसाव्या शतकापर्यंतचा प्रवास दोन-तीन सत्रांत उरकायचा असल्यामुळे वाचन उतारेवजा होते. चांगला शिक्षक मिळाल्यास एखादे युग मनात रुजते, एरवी नावे आणि सनावळ्या उरतात. मूळ भाषेत पूर्ण पुस्तके वाचण्याची सवय स्वतःच लावून घ्यावी लागते, आणि पहिल्या वर्षी ती शब्दकोशाविना लागत नाही.

शब्दकोशावरून सार्वजनिक विद्यापीठाच्या सर्वांत मोठ्या गुणाकडे वळता येते, तो म्हणजे ग्रंथालय. खासगी भाषासंस्था काहीही देवोत, त्यांच्याकडे हे नसते. ग्रिम बंधूंनी १८३८ मध्ये हाती घेतलेला जर्मन शब्दकोश १९६१ मध्ये पूर्ण झाला. विल्हेल्म १८५९ मध्ये 'डी' अक्षराचे काम आटोपून गेले आणि याकोब १८६३ मध्ये 'फळ' या अर्थाच्या शब्दावर काम चालू असताना गेले. हा कोश आज संगणकावर विनामूल्य पाहता येतो, तरी ग्रंथालयात त्याचे खंड ओळीने मांडलेले असतात आणि एका शब्दाच्या शोधात गेलेला विद्यार्थी शेजारच्या दहा शब्दांत हरवतो. जुन्या नियतकालिकांचे बांधीव अंक, बोलींचे नकाशे, हस्तलिखितांच्या प्रतिकृती, आंतरग्रंथालयीन देवघेव हे सगळे नाममात्र शुल्कात किंवा शुल्काविना मिळते. तिथले ग्रंथपाल विषय जाणणारे असतात, हा अनुभव वारंवार आला.

कार्यालयाबद्दल असे म्हणता येणार नाही. सेमिनारच्या जागा मर्यादित असतात, नोंदणीचे पोर्टल ठरल्या वेळी उघडते आणि हव्या त्या शिक्षकाचा वर्ग बघता बघता भरतो. मग 'प्रतीक्षा यादी' असे दोन शब्द पडद्यावर दिसत राहतात, आणि ती यादी पुढे सरकते की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. खिडकीवर विचारावे तर ईमेल करा असे सांगितले जाते, आणि ईमेलला उत्तर येते ते संकेतस्थळ पाहण्याचे. याहून गंभीर बाब शिक्षकांच्या नेमणुकांची आहे. लहान भाषांचे शिक्षक बहुधा मुदतीच्या करारावर असतात. मी शिकत होते त्या विभागात दुसऱ्या भाषेच्या शिक्षकाचा करार वर्षाच्या मध्यावर संपला, नवी नेमणूक वेळेवर झाली नाही, आणि वरच्या व खालच्या पातळीचे वर्ग एकत्र करून उरलेले सत्र कसेबसे पार पाडले गेले. ज्यांना वरची पातळी गाठायची होती त्यांचे ते सत्र फुकट गेले आणि तक्रारीची दखल लेखी स्वरूपात कधीच घेतली गेली नाही. ज्या विभागात एखादी भाषा एकाच शिक्षकाच्या भरवशावर चालते, तिथे ही जोखीम नेहमीच राहणार. म्हणून प्रवेशाआधी त्या भाषेचे कायम शिक्षक किती, हा प्रश्न न लाजता विचारावा.

परीक्षापद्धतीत मला तोंडी परीक्षा सर्वांत प्रामाणिक वाटली. पुढ्यात दहा-बारा ओळींची संहिता येते, थोडा वेळ मिळतो, आणि मग एकेका रूपावर प्रश्न सुरू होतात. पाठांतर तिथे फार वेळ तग धरत नाही. लेखी परीक्षा त्या मानाने सपाट आहेत.

परदेशातील एक सत्र हा या पदवीचा जवळपास अविभाज्य भाग मानला पाहिजे. युरोपीय विद्यापीठांमध्ये १९८७ पासून चालू असलेल्या इरॅस्मस या विद्यार्थी-देवाणघेवाणीच्या योजनेमुळे ते तुलनेने सुकर झाले आहे. वर्गात दोन वर्षे न उघडलेले तोंड तिथे काही आठवड्यांत उघडते. फक्त तिथले क्रेडिट इथे मान्य होतील, असा करार जाण्याआधी कागदावर सही होऊन हातात असावा; परत आल्यावर तोंडी आश्वासनांना कोणी विचारत नाही.

नोकरीचे काय, हा प्रश्न येणारच. अनुवाद, प्रकाशन, ग्रंथालये, पर्यटन, शाळांतले अध्यापन, ग्राहकसेवा ही नेहमीची क्षेत्रे आहेत, आणि केवळ या पदवीच्या बळावर त्यांतल्या बहुतेकांत शिरकाव होत नाही. अध्यापनासाठी शिक्षणशास्त्राची पुढची पात्रता लागते, अनुवादासाठी विषयज्ञान लागते. साध्या मजकुराचा अनुवाद आता यंत्रे बऱ्यापैकी करतात, त्यामुळे 'दोन भाषा येतात' हे भांडवल पूर्वीपेक्षा हलके झाले आहे. संहितेतला एकेक शब्द तपासण्याची, दोन वाचनांतून एक निवडून त्याचे कारण देण्याची सवय मात्र यंत्राचे काम तपासणाऱ्याला लागतेच, आणि ती या पदवीत ऐतिहासिक विषयांतून लागते, संभाषणाच्या तासिकांतून लागत नाही. पुढे संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी ही पदवी सरळ मार्ग आहे. बाकीच्यांनी जोडीला एखादे उपयोजित कौशल्य ऐच्छिक विषयांतून कमवावे.

प्रवेश घेण्याचे ठरलेच असेल, तर माहितीपुस्तिका शेवटच्या पानापासून वाचावी. ऐतिहासिक भाषाविज्ञान अनिवार्य आहे का, त्याला किती क्रेडिट आहेत आणि मूळ संहितांचे सेमिनार दरवर्षी खरोखर भरतात की केवळ तक्त्यात आहेत, हे मागच्या दोन वर्षांच्या वेळापत्रकांवरून कळते. काही विद्यापीठांत लॅटिनचे किमान ज्ञान अपेक्षित असते; ही अट तळटीपेत असते आणि दुसऱ्या वर्षी अचानक समोर येते. मुख्य भाषा बी-वनपर्यंत आधी शिकून जावे, आणि भाषाकुलाचा इतिहास पहिल्या संधीलाच घ्यावा, नापास होण्याची भीती वाटत असली तरी. लघुप्रबंध जुन्या भाषेवर करायचा विचार असल्यास मार्गदर्शक आधीच धरून ठेवावा लागतो, कारण विभागात असे प्राध्यापक एक किंवा दोन असतात आणि त्यांच्याकडच्या जागा लवकर भरतात. पाचव्या सत्राच्या आरंभी विषयाची रूपरेषा आणि वाचलेल्या संहितांची यादी त्यांच्याकडे लेखी द्यावी. सहाव्या सत्रात गेल्यास बहुधा उपलब्ध असतात ते व्यावसायिक लेखनाचे मार्गदर्शक.